इगतपुरीचा ड्रायव्हर आणि एका गावातले तीन विल्यम

पार्श्वभूमी

वंशावळ शोधण्याचं हे काम नाशिकरोडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. घर मराठी, धर्म ख्रिस्ती, वडिलांकडची माणसं अहमदनगरच्या मिशनमधली. वडिलांची आई मात्र वेगळ्या जगातून आलेली. ती १८९९ साली इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत जन्मलेली अँग्लो-इंडियन मुलगी. तिचे वडील जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेत गार्ड होते आणि आजोबा इंजिन ड्रायव्हर. बाईंना या आजोबांचा, म्हणजे आजीच्या आजोबांचा, माग काढायचा होता. इथे सगळ्यांची नावं बदलली आहेत, आडनाव आणि इंग्लंडमधल्या खेड्याचं नाव गाळलं आहे.

बाईंकडे तीन गोष्टी होत्या. पहिली, प्रार्थनेचं एक जुनं इंग्रजी पुस्तक. त्याच्या आतल्या पानावर फिकट शाईत 'स्विंडन, १८६०' एवढंच. दुसरी, घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट: 'आपला मूळ पुरुष आयर्लंडहून आला.' तिसरी, आजीच्या वडिलांचं पूर्ण नाव, थॉमस हार्डिंग आणि पुढे आडनाव.

नाशिकजवळ राहून असं काम हाती घेतलं की लोक हमखास विचारतात, 'त्र्यंबकेश्वरला जाऊन वंशावळीच्या वह्या का पाहत नाही?' हिंदू घराण्याचं काम असतं तर पहिली फेरी तीर्थोपाध्यायांकडेच झाली असती. इथे त्या वह्यांची जागा चॅप्लेनच्या, म्हणजे नेमलेल्या पाद्र्याच्या, रजिस्टरने घेतलेली आहे.

अडचण

कुटुंबातल्या लोकांनी आधी बराच शोध घेतला होता आणि तो एकाच जागी अडला होता. थॉमस हार्डिंग अमुक, म्हणजे वडिलांचं नाव हार्डिंग, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्याकडे मधलं नाव बापाचं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. हार्डिंग नावाचा ड्रायव्हर इगतपुरीत, मनमाडला, भुसावळला शोधून झाला. कुठेच नव्हता. तो सापडत नाही म्हणजे रजिस्टर हरवलं असणार, असा निष्कर्ष निघाला आणि फाइल बंद झाली.

मग बाईंच्या ऑस्ट्रेलियातल्या भाच्याला इंटरनेटवर एक तयार वंशवृक्ष मिळाला. त्यात त्याच आडनावाचा, स्विंडनजवळच्या खेड्यात जन्मलेला विल्यम होता, बाप थॉमस, धंदा लोहार. तिथून मागे सतराव्या शतकापर्यंतची माणसं ओळीने मांडलेली. टोकाला कुणीतरी सरदारही होता. असल्या झाडांच्या शेंड्यावर तो बहुतेक असतोच. भाचा खूश होता. बाईंचे धाकटे भाऊ मात्र आयर्लंड सोडायला तयार नव्हते. बाई म्हणाल्या, 'मला कोण मोठा होता ते नको. आपला कोण होता ते सांगा.'

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग म्हणजे तयार झाड उचलणं. त्याला कष्ट नव्हते. पण त्या झाडात भारताचा उल्लेखच नव्हता. विल्यम जन्मला, १८५१ च्या जनगणनेत दिसला, आणि पुढे कोरी जागा. ती जागा आपल्या ड्रायव्हरने भरावी असं वाटणं साहजिक आहे. पुरावा मात्र त्यात काही नाही.

दुसरा मार्ग आयर्लंडचा. तिथे अडचण वेगळीच आहे. आयर्लंडच्या १८६१ आणि १८७१ च्या खानेसुमारीचे कागद सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले आणि त्याआधीच्यांपैकी बहुतेक १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयांच्या इमारतीतल्या अभिलेखागाराबरोबर जळाले. अँग्लिकन चर्चची कितीतरी रजिस्टरंही त्याच आगीत गेली. गावाचं नाव हातात नसताना तिथून सुरुवात करण्यात अर्थ नव्हता.

तिसरा मार्ग डीएनए चाचणीचा. आजीच्या आजोबांचा वाटा बाईंच्या अंगात सरासरी सहा टक्के असतो, म्हणजे दूरचे भाऊबंद सापडण्याइतका नक्कीच. भावांनी विरोध केला. परदेशी कंपनीला घरच्यांचा नमुना द्यायचा नाही, हे त्यांचं म्हणणं. तो त्यांचा हक्क आहे, म्हणून हा मार्ग बाजूला ठेवला.

भारतीय जनगणना हा मार्ग नव्हताच. आपल्याकडे १८७२ पासूनचे आकडे आणि अहवाल छापलेले मिळतात, पण घरोघरची पत्रकं पाहायला मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार ती तपासणीसाठी खुली नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी नावनिशीवार पानं खुली होतात. १९२१ ची २०२२ मध्ये झाली. म्हणून आपल्याकडची नोंद चर्चची आणि तिकडची चर्च व जनगणना दोन्हींची, असा चौथा मार्ग धरला: बाईंपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं आणि समुद्र ओलांडण्याआधी भारतातली बाजू पक्की करायची.

काय केलं: भारतातली बाजू

मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत: बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२, मुंबईची एन/३. मोठा भाग फाइंडमायपास्ट या सशुल्क साइटवर प्रतिमांसह आहे. फिबिस या स्वयंसेवी संस्थेची सूची फुकट आहे. सुरुवात फुकटच्या सूचीपासूनच करावी.

थॉमसचा बाप्तिस्मा १८७३ मध्ये, इगतपुरीत. आईबापांच्या रकान्यात विल्यम आणि एलिझाबेथ. बापाचा धंदा ड्रायव्हर, जीआयपी रेल्वे. हार्डिंग नावाचा बाप कधी नव्हताच.

इगतपुरी या गोष्टीत का, हेही स्पष्ट आहे. थळ घाटातून गाडी १ जानेवारी १८६५ पासून धावू लागली आणि घाटमाथ्यावर इंजिनं आणि ती चालवणारी माणसं ठेवणं भाग पडलं. विलायतेतून आणलेल्या ड्रायव्हर-फिटरांची वसाहत तिथे उभी राहिली.

विल्यमचं लग्न १८६९ मध्ये भायखळ्याला झालं. वय २६, वडिलांचं नाव थॉमस. इंग्लंडच्या दाखल्यात वडिलांचा धंदाही लिहिलेला असतो. इथल्या नोंदीत नुसतं नाव. हा एक रकाना कमी असल्यामुळे पुढचा सगळा घोळ झाला. दफन १८८९ मध्ये इगतपुरीत, वय ४८, मृत्यूचं कारण उष्माघात. म्हणजे लग्नाच्या हिशेबाने जन्म १८४३ च्या आसपास, दफनाच्या हिशेबाने १८४१. दफनाचं वय कुणीतरी दुसऱ्याने सांगितलेलं असतं आणि लग्नाचं वय नवरदेवाने स्वतः. पण १७ वर्षांच्या नवरीशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाने दोन-तीन वर्षं कमी सांगितली असतील तर नवल नाही. म्हणून दोन्ही वयं कच्ची धरली आणि १८३९ ते १८४४ एवढी मोकळी जागा ठेवली.

इथे आणखी एक नोंद मिळाली. विल्यमची पहिली मुलगी मेरी १८७० ची. घरच्या यादीत एकच मेरी होती, आणि तिच्या जन्माचं साल काही केल्या जुळत नव्हतं. दफनाच्या रजिस्टरात कळलं की पहिली मेरी १८७१ मध्येच गेली आणि १८७५ च्या मुलीला तेच नाव ठेवलं. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देणं त्या काळात सर्रास चाले. ही सवय इंग्लंडमध्ये पुन्हा भेटणार होती.

इगतपुरीच्या ख्रिस्ती दफनभूमीत बाई आणि मी जाऊन आलो. बरेच दगड पडलेले, काहींची अक्षरं गेलेली; विल्यमचा दगड मिळाला नाही. रजिस्टरात त्याच्या दफनाची नोंद असल्याने पुराव्याचं त्यावाचून अडलं नाही.

काय केलं: इंग्लंडमधली बाजू

पुस्तकातल्या 'स्विंडन'ने आता काम केलं. स्विंडन विल्टशर परगण्यातलं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तिथे १८४३ मध्ये सुरू झाला. रेल्वेचं काम शिकलेला पोरगा तिथून मुंबईला येणं अगदी सरळ आहे. ७ एप्रिल १८६१ च्या जनगणनेत त्या आडनावाचा विल्यम स्विंडनमध्ये भाडेकरू म्हणून सापडला: वय २०, इंजिन फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. जन्मस्थळाच्या रकान्यात जवळच्याच एका खेड्याचं नाव. भाच्याच्या झाडातलं खेडं तेच.

त्या खेड्याची बाप्तिस्मा नोंदवही उघडली तर एक नाही, दोन विल्यम. ऑक्टोबर १८४० मध्ये शेतमजूर थॉमस आणि मेरी यांचा. मार्च १८४१ मध्ये लोहार थॉमस आणि हॅना यांचा. आडनाव एकच, बापाचं नावही एकच. एप्रिल १८६१ मध्ये दोघांचंही वय २० भरतं. तयार झाडाच्या मालकाने लोहाराचा का निवडला याचं कारण झाडात दिलेलं नव्हतं. मला वाटतं, लोहाराची मागची पिढी सापडायला सोपी होती एवढंच.

निर्णयाची जागा ही होती. बहुतेक लोक अशा वेळी आपला माणूस कोणता हे सिद्ध करायला धावतात. मी उलट दिशेने जातो: आधी कोण नाही ते ठरवायचं, आणि त्यासाठी दफनाचं रजिस्टर उघडायचं. त्या काळी कितीतरी मुलं पाच वर्षांची होण्याआधी जात. बाप्तिस्मा झाला म्हणजे मूल मोठं झालं असं नाही. तरी हौशी वंशवृक्षांमध्ये लोक बाप्तिस्म्यावरून थेट लग्नावर उडी मारतात.

जून १८४४ च्या दफनात नोंद मिळाली: विल्यम, वय ३ वर्षं. आणि इथे पुन्हा कोंडी. १८१३ पासून इंग्लंडच्या पॅरिशांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, छापील नमुन्याची रजिस्टरं आली. बाप्तिस्म्याच्या नमुन्यात आईबापांची नावं आणि बापाचा धंदा असतो. दफनाच्या नमुन्यात नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख, वय आणि विधी करणाऱ्याचं नाव, बस. बापाचा रकानाच नाही. ऑक्टोबर १८४० चं मूल जून १८४४ मध्ये तीन वर्षांचं, आणि मार्च १८४१ चंही तीनच वर्षांचं. मेला कुणाचा?

नागरी नोंदणी इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून आहे, म्हणून या मृत्यूचा दाखला असायला हवा होता, आणि होता. तो काही पौंडांत घरबसल्या मिळतो. लहान मुलाच्या दाखल्यात धंद्याच्या रकान्यात बापाचं नाव आणि धंदा लिहीत. त्यात लिहिलं होतं: लोहार थॉमसचा मुलगा.

भाच्याच्या झाडातला विल्यम तीन वर्षांचा असतानाच गेला होता. मग १८५१ च्या जनगणनेत लोहाराच्या घरी जो विल्यम दिसतो तो कोण? त्याचं वय पाच, म्हणजे १८४६ चा. तोच इगतपुरीच्या दोन मेरींचा प्रकार. झाड करणाऱ्याने १८४१ चा बाप्तिस्मा आणि १८५१ ची जनगणना एकाच मुलाची समजून जोडली होती, वयातला पाच वर्षांचा फरक सोडून देऊन. हा धाकटा विल्यम आपला असू शकतो का, तेही पाहिलं. १८६१ मध्ये तो १५ वर्षांचा, बापाच्याच भट्टीवर शिकाऊ. १८७१ मध्ये विल्टशरमध्येच, लोहार, बायकोसह. त्या वेळी आपला विल्यम इगतपुरीत होता. तोही बाद झाला.

राहिला शेतमजुराचा मुलगा. पण दुसरे बाद झाले म्हणजे हा आपोआप आपला ठरत नाही. स्विंडनचा फायरमन हा शेतमजुराचा मुलगा, एवढं झालं. इगतपुरीचा ड्रायव्हर तोच, हे अजून दाखवायचं होतं. तिथे हार्डिंग परत आला. इंग्रज घरांत मधलं नाव म्हणून आईच्या किंवा आजीच्या माहेरचं आडनाव ठेवण्याची रीत आहे. जन्मांच्या जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ पासूनच दिसतं. २०१६ मध्ये नोंदणी कार्यालयाने केलेल्या नव्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून दिलं आहे. १८४० च्या शेवटच्या तिमाहीत शेतमजुराचा विल्यम होता, आईचं माहेरचं आडनाव हार्डिंग. त्याच खेड्याच्या विवाह रजिस्टरात १८३६ मध्ये थॉमस आणि मेरी हार्डिंग यांचं लग्नही मिळालं. दोघांनाही लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी दोन फुल्या.

विल्यमने इगतपुरीत जन्मलेल्या मुलाला आपल्या बापाचं नाव दिलं आणि मधे आईचं माहेर ठेवलं. मुलीला आईचं नाव दिलं, आणि ती गेल्यावर दुसरीला तेच. पुस्तकातलं स्विंडन, लग्नातला थॉमस, वय, धंदा आणि हार्डिंग, एवढं एकत्र आल्यावर मी बाईंना 'खात्रीने' हा शब्द लिहून दिला. यातला एकही पुरावा एकटा पुरला नसता.

निष्पत्ती

शेतमजुराच्या घरात मागे जाणं आणखी दोन पिढ्या जमलं. १८४१ च्या जनगणनेत थॉमसचं वय २५ लिहिलंय, खरं २९. तेव्हा १५ वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पाढ्यात खाली आणून लिहायची सूचना होती. हे माहीत नसलं की माणूस चुकीच्या सालात शोधला जातो. १७५४ च्या अलीकडची विवाह रजिस्टरं नीट आहेत, त्याआधी एकाच नावाची माणसं इतकी की फक्त नावावरून जोडणं म्हणजे अंदाज. तिथे थांबलो. सरदार कुठे लागला नाही. लागले ते सगळे मजूर, आणि एक चर्चचा, कबरी खणणारा.

भावांचं आयर्लंड मात्र खोटं नव्हतं. ते दुसऱ्या फांदीवर होतं. विल्यमची बायको एलिझाबेथ हिचा बाप्तिस्मा १८५२ मध्ये पुण्याला झालेला; बाप जॉन, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतल्या पहिल्या युरोपियन रेजिमेंटचा शिपाई. या फौजेत आयरिश माणसं पुष्कळ. कंपनीच्या भरतीच्या याद्यांत जॉनची काउंटी आयर्लंडमधली निघाली. घराने गोष्ट जपली होती आणि काळाच्या ओघात ती सासऱ्यावरून जावयावर सरकवली होती.

एलिझाबेथच्या बाप्तिस्म्यात आईच्या जागी फक्त 'मारिया' आहे. आडनाव नाही. जॉनचं लग्न कुठल्याच रजिस्टरात मिळालं नाही. हे बाईंना कसं सांगायचं, हा या कामातला दुसरा खरा निर्णय होता. नुसत्या एका नावावरून मारिया इथली होती, गोव्याची होती, की आणखी कुठली, काहीच म्हणता येत नाही; आणि कागदावर नसलेलं लग्न झालंच नव्हतं असंही नाही. अहवालात हा भाग गाळायचा, की सौम्य करायचा, की नोंद जशी आहे तशी द्यायची? मी तिसरं केलं, पण आधी बाईंशी फोनवर बोललो. अहवाल भावाबहिणींच्या ग्रुपवर जाणार होता. तिथे हे वाक्य अचानक कुणाच्या वाचनात यावं असं मला वाटत नव्हतं. बाई म्हणाल्या, 'अहो, लिहा की. तिचं नाव तरी राहिलं, तेही नशीब.'

भाच्याने त्या तयार झाडाच्या मालकाला मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवली. झाड अजून तसंच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कुटुंबाने थॉमसच्या नावाऐवजी थॉमसच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात केली असती, तर हार्डिंगचा शोध पहिल्याच दिवशी संपला असता. त्यांच्याकडे त्याची जन्मतारीख होती. माणूस ज्या वर्षी जन्मला त्या वर्षाची मूळ नोंद आधी, त्याच्याबद्दलच्या गोष्टी नंतर, हा क्रम परक्या रीतीच्या नावांमध्ये तर अजिबात मोडू नये.

मृत्यूचा दाखला आणखी आधी मागवता आला असता. दोन विल्यम दिसले त्याच दिवशी मृत्यूंची नवी ऑनलाइन सूची पाहायला हवी. ती पाहायला पैसेही पडत नाहीत आणि तिच्यात मृताचं वय असतं.

पण खरा बदल मी वाटेच्या निवडीत करीन. या कामाचा बहुतेक वेळ विल्टशरच्या मजुरांवर गेला, कारण त्यांचे कागद आहेत. ज्या बाजूने हे घराणं या मातीशी जोडलं गेलं असण्याची शक्यता आहे ती बाजू एलिझाबेथ आणि मारियाची. एलिझाबेथच्या भावंडांचे बाप्तिस्मे, प्रत्येकातल्या आईच्या रकान्यात काय लिहिलंय, बाप्तिस्म्याचे साक्षीदार कोण, जॉनच्या मरणानंतर पेन्शन कुणाला गेली, आणि पुण्याच्या कॅथलिक चर्चची रजिस्टरं, जी एन/३ मध्ये सगळी उतरत नाहीत. हे सगळं विल्यमच्या बरोबरीने सुरू करायला हवं होतं. मारियाचा वाटा बाईंच्या अंगात सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास असेल. डीएनए चाचणीचा खरा उपयोग झालाच तर तिथे होईल. भाऊ अजून नको म्हणतात. बाईंनी एलिझाबेथच्या भावंडांच्या नोंदींचं काम या महिन्यात सुरू करायला सांगितलं आहे.